दोघींचे रोजे

पुणे
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्यारी दादी,
अस्सलामु अलैकुम.

मी इथे मजेत आहे. तूही बरी असशील, गुडघ्यांना तेल लावत असशील आणि अम्मीच्या चहाला नावं ठेवत असशील. अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे, म्हणजे चष्मा सापडला नाही तरी तुझं अडायला नको. पत्र पायलच्या हाती पाठवते. पायल म्हणजे आमच्या उल्हासनगरच्या क्लबातली, ईदला आली होती ती. तिचं मनगट दुखावलंय म्हणून ती आज घरी निघाली आहे. पत्र दादीच्याच हातात द्यायचं, अम्मीच्या नाही, अब्बांच्या तर अजिबात नाही, असं मी तिला बजावलं आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे अम्मी तुझ्या कानाशी ओरडणार आणि अख्ख्या चाळीला कळणार. हे तसं ओरडून सांगण्यासारखं नाही.

बॉक्सिंगचं शिबिर चांगलं चाललंय. माझा उजवा हात आता बसायला लागलाय, असं राजरत्न सर म्हणतात, आणि सर सहसा कुणाला चांगलं म्हणत नाहीत. माझ्या वजनगटात नाशिकची राजसी आहे, डावखुरी, भलती चलाख. पुढच्या रविवारी आमच्या दोघींत जी जिंकेल ती नॅशनलला जाईल. तिथे पदक आलं तर रेल्वेत नोकरीची आशा आहे. ती लागलीच आहे असं अब्बा आनंदनगरच्या कारखान्यात सगळ्यांना सांगून बसलेत, हे मला माहीत आहे.

आज सुटी आहे. मुली जेवायला गेल्यात. हॉलवर मी एकटीच आहे.

काल रात्री उगाच जुन्या गोष्टी आठवत होत्या. मी तेरा वर्षांची होते, शाळेत एका मुलाचं नाक फोडलं म्हणून अब्बांना बोलावणं आलं होतं. घरी येऊन ते मला ओरडले नाहीत. जीन्स शिवायच्या कारखान्याच्या वर, दुसऱ्या मजल्यावर, सरांच्या क्लबात घेऊन गेले आणि म्हणाले, "मारायचंच असेल तर इथे मार." तुला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. मग एक दिवस ग्लासात ठेवलेलं माझं दातांचं कव्हर तू आपली कवळी समजून तोंडात घातलंस आणि अम्मीला म्हणालीस, "ही कवळी रबराची कवा झाली गो?" अम्मी हसत सुटली आणि सगळं बाहेर आलं. त्यानंतर कितीतरी दिवस तू माझ्याशी बोलली नव्हतीस. तुझी लेक, बदलापूरची फुफी, तर आजही येते तेव्हा आधी माझं नाक तपासते, मोडलं की शाबूत आहे ते, आणि मग निकाहाचा विषय काढते.

अब्बांनी तेव्हा एकच अट घातली होती. "ज्या दिवशी हा खेळ तुला उपाशी ठेवेल, त्या दिवशी ग्लोव्ह्ज माळ्यावर." दादाजींची कंपनी बंद पडली तेव्हा अब्बा लहान होते, आणि तू त्यांना पाणी पाजून झोपवायचीस, हे तूच मला सांगितलं आहेस. त्यामुळे ते ही अट विसरणार नाहीत आणि मोडणारही नाहीत.

दादी, मी नुसती लांबण लावते आहे. आता सांगते.

मी अठ्ठेचाळीस किलोत खेळते. माझं वजन त्याहून जास्त आहे. सामन्याच्या सकाळी काट्यावर उभं करतात, थोडं जरी जास्त भरलं तरी घरी पाठवतात. म्हणून आधीचे काही दिवस आम्ही मुली जेवण तोडतो, मग पाणी तोडतो, अंगावर प्लास्टिकचं जॅकेट चढवून घाम काढतो. हे तुमच्यापैकी कुणालाच मी कधी सांगितलं नाही. आधीच्या स्पर्धांना क्लबात राहून, नाही तर पायलकडे जेवले असं सांगून निभावलं.

ऑगस्टमध्ये राज्य स्पर्धेआधी तू माझ्यासमोर चहा आणि पाव ठेवलास. मी बशी बाजूला सारली. "का गो, खात का नाय?" तू विचारलंस. अब्बा दारातच बूट घालत होते, त्यांचे हात थांबले. माझ्या तोंडून निघून गेलं, "रोजा आहे, दादी. रमजानचे सुटलेले कझा रोजे पुरे करतेय."

बायकांचे रमजानात जे रोजे सुटतात ते नंतर भरून काढायचे असतात, हे तूच शिकवलंस मला. म्हणून तर तुला ते लगेच पटलं. अब्बा बूट घालून निघून गेले. आणि तुझा चेहरा असा खुलला की मला वाटलं जमीन दुभंगावी. "एकटीने कसले रोजे सोडायचे? मी पण ठेवते तुझ्यासंगं," तू म्हणालीस. शुगरमुळे डॉक्टरांनी तुला रमजानातही मनाई केली होती, ते तुला लागून राहिलं होतं. मी 'नको' म्हणाले, पण हळू म्हणाले. मोठ्याने म्हणाले असते तर का नको ते सांगावं लागलं असतं.

माझा तो रोजा नव्हता, दादी. मी पहाटे सेहरीला तुझ्यासोबत उठले, पण मनात रोज्याची नियत केली नाही. ती खोटी करायची हिंमत झाली नाही, एवढंच. दिवसा मी घोट घोट पाणी प्यायचे. एका संध्याकाळी तर काटा बरोबर आला म्हणून सरांनी मला केळं दिलं आणि मी ते जिन्यातच खाल्लं. घरी आले तर तू दस्तरखान मांडून बसली होतीस. तुझे ओठ सुकले होते. मगरिबची अजान झाली, तू आधी खजूर माझ्या हातात दिलास आणि दोघींसाठी दुआ म्हटलीस. केळ्याची चव असलेल्या तोंडाने मी आमीन म्हणाले.

त्यानंतर फायनलच्या दिवशी तू स्वयंपाकघरात पडलीस. शेजारच्या बकुळाकाकू होत्या म्हणून बरं. मला कुणी कळवलं नाही, मुलीचं लक्ष उडेल म्हणून. मी जिंकले, गळ्यात पदक घालून नाचत आले आणि घराला कुलूप होतं. दवाखान्यात तुझ्या हाताला सलाईन लावलं होतं. डॉक्टर चिडले होते, "या वयात, एवढी शुगर असताना रोजे कुणासाठी?" तू माझं नाव घेतलं नाहीस. माझं पदक मात्र मागून घेतलंस आणि सिस्टरला दाखवलंस. "आम्ही दोघींनी रोजे ठेवले. अल्लाहने ऐकलं."

मी तिथे गप्प उभी राहिले. तेव्हा बोलायला हवं होतं. मला त्या पदकाची लाज वाटते, आणि दादी, ते मला हवंही होतं. आजही हवं आहे. दोन्ही खरं आहे.

घरी आल्यावर तू फुफीला सुनावलंस, "माझी तहमीना रोजे ठेवून खेळते. तुझ्या पोरी ठेवतात का?" तेव्हापासून मला घरातून कुणी अडवलं नाही. तू माझ्या बाजूने उभी राहिलीस, पण ज्यावर उभी राहिलीस ते मी खोटं रचलं होतं.

आणि आता काल अम्मी फोनवर सांगते, दादीने तुझ्या वजनाची तारीख विचारून घेतली, गुरुवारपासून तुझ्यासोबत रोजे ठेवणार म्हणते, आमचं कुणाचं ऐकत नाही. मी घाबरले. म्हटलं, तिला सांग माझे कझा संपले. अम्मीने तुझ्या कानात सांगितलं आणि मला तुझा आवाज आला, "मग दोघी नफिल ठेवू. जास्तीच्या रोज्याला कोण नाय म्हणतो?" पायल म्हणाली, अजून एखादी थाप मार. पण माझ्याजवळ आता थाप उरलेली नाही. एकीतून सुटायला दुसरी मारली की तुलाच उपाशी राहावं लागतं.

म्हणून खरं सांगितलं. अब्बांना सांगायचं की नाही ते तू ठरव. सांगितलंस तर ते मला न्यायला येतील, ग्लोव्ह्ज माळ्यावर जातील, आणि मी त्यांच्यावर रागावणार नाही. राजसी नॅशनलला जाईल. मला रडू येईल, ते मी तुझ्यापासून लपवणार नाही. नाही सांगितलंस तर मी खेळेन. पण दोन्हीपैकी काहीही झालं तरी तू गुरुवारी सेहरीला उठायचं नाहीस. सकाळी नाश्ता कर, इन्सुलिन वेळेवर घे, दुपारी जेव. तू ठेवलेले रोजे खरे होते, ते तुझे आहेत. माझे सगळेच्या सगळे अजून राहिलेत.

त्यातला पहिला आज ठेवलाय. वजन पुढच्या रविवारी आहे, आज मी पोटभर जेवले असते तरी सर काही बोलले नसते. मेसच्या राजाबाईंनी पहाटे उठून मला चपाती आणि दूध दिलं. बुधवारपासून मी पुन्हा उपाशी राहीन, ते काट्यासाठी. त्याला रोजा म्हणू नकोस आणि त्यावर माझ्यासाठी दुआ मागू नकोस.

इथे अजान ऐकू येत नाही, घड्याळ बघून सोडेन. दुआ आज मलाच म्हणावी लागेल. तुझ्यासारखी येत नाही, मध्येच अडखळते. पण दादी, आज तोंड खरंच कोरडं आहे.

पत्र वाचून झालं की आधी जेवून घे, मग माझ्यावर राग काढ.

तुझी,
तहमीना