चाळीस पृथ्व्या आणि त्यांचा एक प्रमुख

तीर्थरूप काकांस,

पाठीत उसण भरल्यामुळे साष्टांग जमणार नाही, तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्या जेवढं वाकता येतं तेवढं वाकून नमस्कार. तब्येत कशी आहे? कानाचं यंत्र बसवून घेतल्याचं काकूंनी कळवलं, आणि ते बसवल्यापासून तुम्ही पूर्वीपेक्षा मोठ्यानं बोलता असंही कळवलं. (हे तुम्हाला सांगू नकोस असंही कळवलं होतं, पण ते वाक्य माझ्या नजरेस उशिरा पडलं.) आम्ही सगळे ठीक.

मला विभागप्रमुख केल्याचं कळताच तुम्ही 'माणसांकडून काम कसं काढून घ्यावं' याचे अकरा मुद्दे लिहून पाठवलेत. तीस वर्षं कारखाना चालवलेल्या माणसाचा सल्ला, म्हणून मी ते तोंडपाठ केले. त्यांचं पुढं काय झालं हे कळवायला उशीर झाला, क्षमस्व. झालं ते एका दमात सांगण्यासारखं नाही.

आमच्याकडे पृथ्वीचे गोल तयार होतात हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण या खेपेचं काम वेगळं होतं. दृष्टी नसलेल्या मुलींच्या शाळेला चाळीस गोल हवे होते, बोटांनी वाचायचे. डोंगर कागदाच्या लगद्याचे, किनारे सुतळीचे, वाळवंटाला खरखरीत वाळू, नद्या दोऱ्याच्या आणि समुद्र वॉर्निश लावून गुळगुळीत. मुदत सहा आठवडे. लगदेवाले मामा डोंगर करतात (त्यांनी उभ्या जन्मात खरा डोंगर पाहिलेला नाही, त्यामुळे ते फार मन लावून करतात). किनारे दोघी बहिणींकडे. थोरली बोलते आणि धाकटी मान डोलावते. वाळूवाला गुणगुणत वाळू पसरतो. समुद्र वॉर्निशवाल्या ताईंचा. नद्या अठरा वर्षं माझ्याकडे होत्या (आजवर शाईच्या), पण प्रमुखानं दोरा चिकटवत बसणं बरं दिसत नाही, म्हणून त्या मी सगळ्यांत वाटून टाकल्या. वाटताना छातीत कसंतरीच झालं. ते पित्त असावं असं मी तेव्हा समजलो.

पहिल्या आठवड्यात तीन गोल झाले. मी तुमचा दुसरा मुद्दा काढला आणि भिंतीवर तक्ता लावला. ज्याचं काम जास्त, त्याच्या नावापुढं चांदणी. वाळूवाल्याला तक्त्याच्या रेघा तिरक्या वाटल्या, म्हणून त्यानं अर्धा दिवस खर्चून तो पुन्हा आखला. इतका सुरेख आखला की त्याला चांदणी द्यावीच लागली. मग मी पाचवा मुद्दा घेतला, चुरशीचा. दोन गट पाडले, मामा आणि थोरली एकीकडे, ताई आणि धाकटी दुसरीकडे. (वाळूवाला सोमवार ते बुधवार इकडे आणि उरलेले दिवस तिकडे. तो ज्या गटात असेल त्या गटाशी मनापासून एकनिष्ठ असे.) इथं एक अडचण मला दिसली नव्हती. थोरली बोलून झालं की होकारासाठी वळून बघायची, आणि तिथं कोणी नसायचं. पलीकडच्या टेबलावर धाकटी बिचारी मान हलवण्याजोगं काहीतरी ऐकू यायची वाट बघत थांबायची. मामा तर जिंकण्याच्या भरात डोंगर एवढे उंच करू लागले की गोल पितळी कमानीत फिरेना. एक पर्वत अडकून आख्खी पृथ्वी थांबली, काका.

तरी दुसऱ्या आठवड्यात अकरा झाले! मी हरखलो. नववा मुद्दा (उंचावर उभं राहून चार शब्द बोलावेत) अमलात आणायला स्टुलावर चढलो. ताईंनी सकाळीच त्याला वॉर्निश लावलं होतं. चार शब्द झाल्यावर पाय निघेनात. चपला सोडून उतरता आलं असतं, पण प्रमुखानं अनवाणी उतरावं का, या विचारात भाषण पाऊण तास लांबलं. मामा नंतर म्हणाले की शेवटचा अर्धा तास फारच तळमळीचा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या शाळेच्या शिक्षिका नमुना बघायला आल्या. त्यांनाही दिसत नाही. खिडकीशी बसल्या आणि गोल मांडीवर घेतला. त्यांची बोटं अशी चालू लागली, जशी आपण ओळखीच्या घरात अंधारात चालतो. डोंगरावर चढल्या, वाळवंटात रेंगाळल्या, आणि एका नदीच्या उगमावर बोट ठेवून हळूहळू खाली येऊ लागल्या. आम्ही सहाही जण त्या बोटामागून निघालो होतो. एका जागी ते थांबलं. समुद्र अजून दोन बोटं लांब होता.

"ही नदी इथंच संपली," त्या म्हणाल्या. "पुढं तिचं काय झालं?"

मी वाकून पाहिलं. दोरा तिथंच तोडलेला होता.

"माझ्या मुली विचारतील, म्हणून विचारलं. समुद्र मात्र फार छान झालाय." एवढं बोलून, चहा घेऊन त्या गेल्या. ना तक्रार, ना ताकीद.

मी बाकीचे गोल तपासले. त्या आठवड्याच्या अकरांपैकी सातांवर कुठली ना कुठली नदी घाईत तोडलेली होती. अकरा मुद्द्यांत याला मुद्दा सापडेना. तेवढ्यात ताईंनी एक गोल पुढ्यात ओढला आणि नखानं तो दोरा अलगद उचकटायला सुरुवात केली. मी सांगितलं नव्हतं. मग मामांनी दुसरा घेतला आणि आपल्या डोंगराचा माथा उतरवला. दोघी बहिणी केव्हा एका टेबलाशी आल्या ते कळलंच नाही. तक्ता कोणी काढला तेही कळलं नाही.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते नीट सांगता येणार नाही. कोणीतरी म्हणालं, डोळे मिटून तपासू या, आणि ती सवयच पडली. दुपारचं ऊन टेबलावरून सरकत जायचं, वॉर्निशचा वास दाटलेला, वाळूवाल्याचं गुणगुणणंही थांबलेलं, आणि सहा माणसं मिटल्या डोळ्यांनी आपापली पृथ्वी फिरवत बसलेली. मामा हलक्या आवाजात म्हणायचे, "वर हवा गार असेल, नाही?" धाकटी एकदा चक्क बोलली. म्हणाली, "या किनाऱ्यावर मी राहीन." थोरलीनं मान डोलावली.

अशाच एका दुपारी मालकीणबाई आत आल्या. त्यांना दिसलं ते असं, की मुदत दोन आठवड्यांवर, आणि प्रमुखासकट सगळा विभाग बसून झोपलेला. त्या किती वेळ उभ्या होत्या देव जाणे. मी त्या वेळी एका वाळवंटात वाट चुकलो होतो. ताईंनी डोळे न उघडता त्यांच्या हातात एक गोल दिला. रागावण्यासाठी उघडलेलं तोंड त्यांनी मिटलं, मग डोळेही मिटले. संध्याकाळी उठल्या तेव्हा मला फक्त म्हणाल्या, "दक्षिणेकडे एक बेट सुटलंय. तेवढं बघा."

अडतीस गोल वेळेवर गेले आणि उरलेले दोन गोल तीन दिवस उशिरा, कारण त्यांच्यावरची बेटं कोणालाच सोडवेनात. परवा शिक्षिकांचा फोन आला. एक मुलगी त्या नदीवरून समुद्रापर्यंत गेली, तिला आख्खा तास लागला, आणि त्या तासाचं गणित बुडालं. बाईंनी बुडू दिलं. हे ऐकून मामा बराच वेळ हात पुसत राहिले, हात कोरडे होते तरी.

काकूंना नमस्कार. उत्तर सवडीनं लिहा.

आपला पुतण्या

ता. क. एक गोष्ट वर लिहायची राहिली. मी आता विभागप्रमुख नाही. कोणी काढलं नाही, मीच मालकीणबाईंकडे जाऊन नद्या परत मागितल्या. आता ताई प्रमुख आहेत. त्या सकाळी "चला" म्हणतात आणि कामाला बसतात. बाराव्या मुद्द्याची गरज पडलेली नाही.

दुसरा ता. क. हे अजून आईला माहीत नाही. तिनं आळीतल्या झाडून सगळ्यांना मुलगा साहेब झाल्याचं सांगितलंय, आणि मी समोर गेलो की माझी जीभच वळत नाही. तुम्ही थोरले दीर, तुमचं ती ऐकते. एवढं तुम्ही सांगाल का? खरं म्हणजे हे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं.

तिसरा ता. क. सांगताना यंत्र कानात असू द्या आणि आवाज जरा लहान ठेवा, शेजारी ऐकतात. ती आधी चिडेल, मग डोळ्याला पदर लावेल, आणि मग विचारेल की तो वेळेवर जेवतो का. तेव्हा लगेच हो म्हणा.