कौलाची पाकळी आणि सेजलचा चष्मा

हळर्ण, पेडणे
डिसेंबरचा शेवटचा आठवडा

चि. सौ. सुलोचना हिला,

थोरल्या भावाचे, म्हणजे कृष्णनाथचे, पोटभर आशीर्वाद. श्रीनाथरावांना नमस्कार सांग. त्यांचा गुडघा कसा आहे? माझे दोन्ही दुखतात, पण आज डावा जरा कमी दुखतोय, त्याचीच मला काळजी लागली आहे. डिचोलीत थंडी पडली असेल तर कानाला बांधून बस. अक्षर वालाएवढं मोठं आहे, ते चालवून घे. चौथीत शाळा सुटली तेव्हा एवढंच होतं. फोन केला असता, पण मला कमी ऐकू येतं म्हणून आमच्या घरात सगळे फोनचा आवाज मोठा करून बोलतात, आणि यातलं थोडं माझ्या सुनेच्या, सुविधाच्या कानावर जाता कामा नये.

आपली नात सेजल तिसरीत गेल्यापासून फळ्यावरचं अर्धंच उतरवून आणते, अशी बाईंची तक्रार. पोदेर पाव घेऊन आला की भोंगा ऐकून धावते, पण सख्खा काका समोरून आला तरी ओळख देत नाही (मी म्हटलं, हा गर्व तुझ्या वहिनीच्या माहेरचा). टीव्हीला नाक लावून बसते म्हणून मी टीव्ही बंद केला, तर पुस्तकाला नाक लावून बसली. मला वाटलं, अभ्यासाची गोडी लागली. शेजारी साखर वाटायचीच बाकी होती.

शेवटी नवरात्रानंतर तिला देवळात नेलं आणि देवाला कौल लावला. भटजींनी देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या, मी गाऱ्हाणं घातलं की पोरीचं मन अभ्यासात लागणार असेल तर उजवी पाकळी दे. माझं हृदय असं धडधडत होतं की भटजींनी मला खाली बसवलं. आणि उजवी पडली! सगळा मंडप "पडली, पडली" म्हणाला. सेजल मात्र विचारते, "आजोबा, पाकळी खंय आसा?" मी म्हटलं, "अगो, थंय, देवाच्या पायांकडे!" तर म्हणते, "आनी देव खंय आसा?"

सुलोचना, इतकी वर्षं ती गाभाऱ्यातल्या समईला हात जोडत होती. तिला वाटे, उजेड म्हणजेच देव. भटजी म्हणाले, "कृष्णनाथ, कौल मेळ्ळो. आता चेडवाक दोतोराकडे व्हर."

मग पोरीला म्हापशाला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तिचा उजवा डोळा झाकला तर ही म्हणाली, "संध्याकाळ झाली?" बाईंनी समजावलं की डावा डोळा नीट बघत नाही, म्हणून मेंदूने त्याला रजा दिली आहे. आणखी काही वर्षं अशीच गेली असती तर तो डोळा कामाला लावणं फार अवघड झालं असतं. मूल आपणहून सांगत नाही, कारण सगळ्यांना असंच दिसतं असं त्याला वाटतं. म्हणून तक्रार नसली तरी मुलांचे डोळे दर वर्षी दाखवायचे. आता चष्मा आहे, आणि रोज दोन तास चांगल्या डोळ्यावर पट्टी. चष्मा लावून घरी आली तेव्हा माडाकडे बघतच राहिली. प्रत्येक चुडत, झावळी न् झावळी वेगळी दिसते म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आजोबा, तुमच्या नाकात केस आसत." मी देवाला नारळ ठेवला.

तुझा नातू साईश मोबाईल नाकाशी धरतो, त्यालाही नेऊन दाखव. बाकी सगळं ठीक, फक्त मला झोप चांगली लागते, हे या वयात बरं नसावं.

तुझा दादा

ता. क. आता खरं काम. जूनमध्येच शाळेत तपासणी झाली होती आणि "डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा" अशी चिठी आली होती. ती माझ्या हातात पडली. चष्मेवाल्या मुलीच्या लग्नाचं कसं होणार, या भीतीने मी ती भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे खोचली (ती आठ वर्षांची आहे, हे मागाहून ध्यानात आलं). चार महिने माझ्यामुळे गेले. पहिल्या तारखेला सुविधा कॅलेंडर बदलणार, आणि हल्ली मला कोणी स्टुलावर चढू देत नाही. त्याआधी ये आणि गुपचूप ती चिठी काढ.

आणखी ता. क. येऊ नकोस. सेजल खुर्चीमागे उभी राहून वरचा मजकूर मोठ्याने वाचत होती, ते मला उशिरा कळलं. सुविधा स्टूल घेऊन कॅलेंडरकडे गेली आहे. आता माझं काय होतं ते होवो; पण सुलोचना, पोरीच्या चांगल्या डोळ्यावर पट्टी होती. तिने सगळं डाव्या डोळ्याने वाचलं!