मोठ्या सरांची चौकशी

ठमे,

तुझ्या त्या मोठ्या सरांना काडीची रीत नाही. काल मी भेटायला गेले, तर समोर खुर्ची रिकामी असून मला उभं ठेवलं आणि स्वतःचीच थोरवी ऐकवली.

हो, तुझी आजी तुझ्या कॉलेजात जाऊन आली. आधी चिडून घे, मग पुढचं वाच.

तुझ्या ताईच्या लग्नाआधी आपण नवऱ्यामुलाच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी केली. आणि ज्याच्या हाताखाली तू पीएचडी करणार, त्याचा नुसता फोटो बघून भाळलीस! म्हणून मी सरांच्या विद्यार्थ्यांना कॅन्टीनमध्ये गाठलं. एकाला टक्कल पडलं, तरी त्याचा प्रबंध सरांनी उघडलेला नाही. दुसरी सरांच्या मुलाला शाळेतून आणते. सरांच्या समोरच्या खोलीतल्या प्राध्यापक बाईंच्या हाताखालची पोरं मात्र हसतखेळत होती. बाई लिहिलेलं वाचतात, रागावतात, पण परत देतात म्हणे.

तेव्हा फॉर्मवर सरांचं नाव घालायच्या आधी आज बाईंना भेट. जे येत नाही ते येत नाही म्हणून सांग, उगाच शहाणपणा नको. मी दुकान उघडायला जाते. जेवण झाकून ठेवलंय.

सरांना काय सांगू, म्हणून रडत बसू नकोस. मीच निघताना तोंडावर सांगून आले, "सर, तुम्ही हुशार आहात, ते पटलं मला. पण तुमच्याकडे येऊन हुशार पोरं म्हातारी होतात, म्हणून माझी नात काही येत नाही."