तिसऱ्या तुकड्यातला ठोका

प्रिय भुणभुणे,

तुझं पाकीट काल पोचलं. तुझ्या सत्कार समारंभाचं निमंत्रण आणि तुझ्या भाषणाचा मसुदा, दोन्ही वाचलं. आज सकाळी तुझ्या आईला फोन केला आणि आता दुपारी दुकानाचं दार ओढून हे लिहायला बसलोय. समोर एक व्हायोलिन सरस लावून शिकंज्यात आवळलंय. सरस वाळेपर्यंत मला सवड आहे.

गाण्यांच्या फाइली लहान करायच्या तुझ्या कामाला मी किती नावं ठेवली, आठवतं? “गाणं म्हणजे काय गादी आहे, दाबून ट्रंकेत भरायला?” असं तुला चारचौघांत म्हणालो होतो. तू चिडली नाहीस. दुकानात आलीस आणि लाकूड घासायचं मशीन सुरू करून ओरडलीस, “मामा, भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतंय?” कुठलं येतंय! मशीन बंद केलंस, तेव्हा कुठे टिकटिक कानावर आली. म्हणालीस, “गाण्यातही असंच होतं. मोठ्या आवाजाच्या आड बारीक आवाज आपल्याला कळतच नाहीत. जे कळत नाही ते मी साठवत नाही, जे जेमतेम कळतं ते ढोबळ साठवते. म्हणून फाइल दहाव्या हिश्शाची होते.” चाळीस वर्षं वाद्यं दुरुस्त करतोय मी, पण आपण काय ऐकत नाही याचा विचार कधी मनाला शिवला नव्हता. तोंडावर बोललो नाही, पण त्या दिवशी तुझा फार अभिमान वाटला.

मग तू मला तुमच्या ऑफिसात ऐकायला बोलावलंस. भिंतींना फोम लावलेली ती खोली, कानांवर ते जड हेडफोन. सहा तुकडे, प्रत्येक दोनदा, आणि मूळ कुठला, लहान केलेला कुठला ते सांगायचं. बाकी अकरा जणांनी “फरक नाही” असं लिहिलं. मी तेवढा ताठ मानेनं म्हणालो, “तिसऱ्या तुकड्यात ठोका भिजलाय.” तुझे साहेब हसले. तू नाही हसलीस. “मामा म्हणतोय म्हणजे काहीतरी आहे,” म्हणालीस आणि तयार झालेलं काम थांबवलंस.

आठ महिने! त्या काळात तुझी आई मला रोज सांगायची, पोरगी जेवत नाही, धड बोलत नाही, ऑफिसात सगळे तिला वेड्यात काढतात. आणि एक दिवस तुझा फोन आला, “मामा, सापडलं!” कॉम्प्युटर साठवताना आवाजाचे क्षणाक्षणाचे तुकडे पाडतो, आणि ढोबळ साठवल्यामुळे येणारी खरखर अशा अख्ख्या तुकड्यात पसरते. मग ठोका पडायच्या आधीच्या शांततेतही ती डोकावते. तू ठोक्यापाशी तुकडे अगदी छोटे केलेस आणि खरखरीला पसरायला जागाच ठेवली नाहीस. ठोका लख्ख झाला, फाइलही फारशी वाढली नाही. त्या अकरा जणांना तू जुना आणि नवा, दोन्ही ठोके ऐकवलेस, आणि कुठे लक्ष द्यायचं हे कळल्यावर त्यांतल्या आठांना फरक ओळखता आला. इतक्या चिकाटीचं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि हे मी मामा म्हणून म्हणत नाही.

आता खरं सांगतो. भुणभुणे, मला त्या दिवशी काहीही ऐकू आलं नव्हतं. त्याच्या दोन महिने आधीच कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की वरच्या पट्टीतले आवाज माझे गेलेत. घरात कुणाला बोललो नाही. तुझ्या तरण्या सहकाऱ्यांसमोर “मला फरक कळत नाही” म्हणायची लाज वाटली, म्हणून दिलं ठोकून. काल तुझ्या मसुद्यात “हे सगळं माझ्या मामाच्या कानांमुळे झालं” हे वाक्य वाचलं आणि खरं सांगायचं ठरवलं. आज सकाळी तुझ्या आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “आजच्या आज लिही तिला.” ते वाक्य काढून टाक, बाळा. मी थाप मारली होती. त्या जागी खरी चूक शोधलीस ती तू. तुझे आठ महिने मी परत देऊ शकत नाही. रागावलीस तर हक्कानं रागव. आणि एवढं वाचूनही मी यावं असं वाटत असेल, तर मला पहिल्या रांगेत जागा ठेव. मानासाठी नव्हे, मागून मला ऐकू येणार नाही म्हणून.

तुझाच,
मामा