डोंग्याच्या गाडीचा प्लग

दादा, जय भीम.

तू गेल्याले वरीस होत आलं अन् मी आज पयल्यांदा तुले लिहून राहिलो. आधी लिहाले काही नव्हतं असं नाई, धीरच होत नव्हता. पण मंगळवारी तुही जीप माह्या दुकानासमोर येऊन उभी राह्यली. मांगं तीच दोन चाकाची गाडी, तिच्यावर पुरातून माणसं काढायचा तोच सरकारी डोंगा. नवा डायवर खाली उतरला अन् म्हणे, "मिस्त्री, या मांगच्या गाडीचे दिवे कधी लागतात, कधी लागत नाईत. अमरावतीत दोघातिघाइले दाखवलं. हा प्लग तुमचाच बसवलेला हाय म्हणतात."

माहाच हाय, म्हटलं. हातातली पक्कड खाली ठेवली अन् मांगं गेलो.

तुले आठवते का आधीची तऱ्हा? जीपच्या मांगून दोन तारा लोंबत, डोंग्याच्या गाडीच्या दोन. पूर्णेले पूर आला की तू डोंगा जोडायचा, तारांले पीळ मारायचा अन् वरून काळी टेप गुंडाळायचा. पावसात टेप सुटली की दिवा गेला. मंग तू खाली उतरून दातानं तार सोलायचा, पुन्हा पीळ मारायचा, की दिवा हजर. तरी तुले भरोसा नव्हता. डोंग्याच्या बुडाशी लाल फडकं बांधलेला कंदील टांगल्याबिगर तू गाडी हालवत नव्हता. मी किती हासलो त्या कंदिलाले. "दादा, सरकारी जीप हाय का खटारा?"

तू म्हणायचा, "हास लेका. मांगून येणाऱ्याले दिसलं म्हणजे झालं."

पण मलेच खटकत होतं. आपण अकोल्यात मोटारीच्या वायरिंगचे मिस्त्री, मोठमोठे लोक गाड्या घेऊन येतात, अन् आपला सख्खा भाऊ तारा दातानं सोलते! मिलिट्रीच्या डिस्पोजलच्या मालात मले तो प्लग सापडला. पितळी पिनी, वरून झाकण, पाण्याचा थेंब आत जाणार नाई असा. तू कामानिमित्त अकोल्याले आल्ता, तवा दिवसभर तुले बसवून ठेवलं. मांगचा दिवा वेगळा, ब्रेकचा वेगळा, डाव्या-उजव्या हाताचे वेगळे. तू ब्रेक दाबायचा अन् समोरून वरडायचा, "लागला का?" मी म्हणायचो, "लागला." काम झालं तरी तुहं दाबणं काही थांबेना. त्या दिवशी तू लय खुश होता. मी त्याहून खुश होतो, अन् मीच तुले म्हटलं, आता तो कंदील घरी देऊन टाक.

"राहू दे ना बाप्पा, काय खाते का तो?" असं तू म्हटलं होतं. मी ऐकलं नाई. कावून ऐकलं नाई मी?

आता जे सांगतो ते नीट आयक. दिव्याले एक तार जायाची लागते अन् एक परतीची. तुह्या त्या जुनाट दोन तारांत एक परतीची होती. मोटारीत परतीचं काम लोखंडच करते, सगळे मिस्त्री तसंच करतात. जीपच्या हुकात डोंग्याच्या गाडीची कडी अडकते, लोखंडाले लोखंड भिडते, मंग वेगळी तार कायले? असं मनात म्हणून मी ती परतीची तार काढून फेकली. प्लगात तिच्यासाठी एक पिन होती. ती मी रिकामी सोडली.

मंग दसरा आला. तुह्या ऑफिसात सगळे डायवर गाड्या धुऊन, हार घालून पूजा करत. आपण दीक्षा घेतली त्याले सहावं वरीस होतं, आपल्याले पूजा करायची नव्हती. पण तुह्या गाडीनं त्याइच्या गाड्याइमधी मळकं उभं राहावं, हे तुले कसं चालीन? तू नागपूरले जायाच्या आधी दोन दिवस बसून डोंग्याची गाडी निळ्या रंगानं रंगवली. चाकं रंगवली, दांडी रंगवली, कडीसुदिक रंगवली. ऑइलपेंट, अन् तोही दोन हात. वयनीनं मले सांगतलं होतं, "तुमचे दादा गाडीले नवरीवाणी सजवून राहिले." आमी दोघं हासलो होतो.

दसरा झाल्यावर तो अवकाळी पाणी आला. दिवसाउजेडी तू डोंगा घेऊन पूर्णेवर गेला, माणसं काढली, अन् दिवेलागणीच्या येळेले परतवाडा रोडनं परत निघाला. तुहं वलगाव दोन मैलावर राह्यलं होतं. जीपमधी बसलेला नावाडी सांगते, तू म्हटलं, "मांगं उजेड दिसत नाई," अन् गाडी कडेले घेऊन उतरला. दहा मिनिटं तू तो प्लग काढून पाहत होता, घालून पाहत होता. तेवढ्यात मांगून लाकडाचा ट्रक आला. त्याले काही दिसलं नाई. दिसण्यासारखं तिथं काही नव्हतंच, कंदीलही घरीच होता.

चौकशीत लिवलं, प्लग निघालेला सापडला, डायवरनं नीट बसवला नव्हता, डायवरचा निष्काळजीपणा. अन् दादा, मीही ते मानलं. वर्सभर मानलं. मनात म्हणायचो, एवढा चांगला प्लग देल्ता, याले बसवता कसा आला नाई? वयनीही तेच म्हणते. तुह्या फोटोले फुलं वाहते अन् वाहता वाहता बोलते, "सारी दुनिया वाचवाले गेले, एक खुट्टी नीट बसवता नाई आली तुमाले."

मंगळवारी मी प्लग उघडला. पिनी चकचकीत, तारा घट्ट. काहीच बिघाड नव्हता. तासभर डोकं धरून बसलो. मंग त्या कडीवर नजर गेली. वरून रंग घासला होता, पण पोटात जिथं हूक बसते तिथं तुहा निळा रंग कुठं होता, कुठं नव्हता. कानस घेतली, खरडला, हूक अडकवला. मधातला रंग निघाला, लोखंडाले लोखंड भिडलं, परतीची वाट मोकळी झाली अन् सारे दिवे लागले. नवा डायवर म्हणे, "वा मिस्त्री!"

तू तिथं रोडवर काय शोधत होता रे? प्लगात काही नव्हतंच. जुन्या दोन तारा असत्या तर दातानं सोलून तू दिवा लावला असता अन् घरी जेवाले गेला असता. मी तुह्या हातातलं काम काढून घेतलं अन् जे देलं ते तुले दुरुस्त करता येत नव्हतं. आता मी काय करू, सांग.

बुधवारी तुह्या ऑफिसात गेलो. बाबूले सगळं सांगतलं, चूक माही हाय, लिहून देतो म्हटलं. त्यानं चष्मा काढला. "तुम्ही त्यांचे सख्खे भाऊ ना? मग तुम्ही असंच म्हणणार. फाइल बंद झाली आहे." चहा पाजला मले. चांगला माणूस होता, त्याच्यावर रागही करता आला नाई.

तिथून वलगावले गेलो. वयनीसमोर बसलो अन् परतीच्या तारेपासून निळ्या रंगापर्यंत सगळं सांगतलं. तिनं सारं ऐकून घेतलं. मंग डोळे पुसले अन् म्हणे, "भाऊजी, त्याइचं नाव राखाले तुमी सोताच्या माथी घेऊन राहिले. सख्खा भाऊच असं करू जाणे. पण मले भुलवू नका." अन् उठून भाकरी टाकाले लागली. अंबाडीची भाजी होती. "पोटभर जेवा," म्हणे. अन् मी जेवलो दादा. दोन भाकरी जेवलो. तिनं वाढल्या अन् मले नाई म्हणता आलं नाई.

खरं बोललो तर कोणी मानत नाई. खोटं होतं ते वर्सभर साऱ्याइनं मानलं. कोणापाशी जाऊ मी?

नव्या डायवरले गळ घातली हाय. येत्या रविवारी तो जीप अन् डोंगा घेऊन वलगावले येते. मी ऑइलपेंटचा डबा नेतो. वयनीच्याच हातानं ती कडी रंगवून घेईन, वाळू देईन, जोडीन, अन् तिले मांगं उभं करून इचारीन, लागला का? मंग तिच्यादेखत खरडीन अन् पुन्हा इचारीन. तिले जेवढ्यांदा पाहाचं असीन तेवढ्यांदा दाखवीन. तू प्लग बरोबर बसवला होता, हे तिच्या डोळ्यानं तिले दिसल्याबिगर मी तुह्या अंगणातून हालणार नाई.

मंग ती मले जे बोलन ते ऐकून घेईन. उंबऱ्याच्या आत घेतलं नाई तरी चालीन. वर्सभर ती तुले जे बोलली ते माह्या वाट्याचं होतं, ते घेऊन मी अकोल्याले जाईन.

तुहा धाकटा,
सुदाम