अकराव्या प्रश्नाचं उत्तर

प्रिय शुभ्रा,

सहा वर्षांनी लिहितेय. फोन करता आला असता, पण फोनवर तू हसतेस आणि मला जे बोलायचं असतं ते राहूनच जातं.

मी अजून अबू धाबीतच, अल रीम बेटावरच्या त्याच टॉवरच्या एकोणिसाव्या मजल्यावर. माझा लेक अंश सातवीत गेला. मी मराठीत विचारते, तो इंग्रजीत उत्तर देतो. या वर्षी ऑफिसने मला अल ऐनकडच्या फार्मचा सर्व्हे दिला. मांसासाठी वासरं वाढवणाऱ्यांना नेमकं काय शिकवायला हवं, ते शोधायचं. आईला मी 'जनावरांचं काम' एवढंच सांगितलंय. तीस प्रश्नांचा फॉर्म मीच केला. अकरावा प्रश्न होता: जनावर आजारी पडलं की आधी कुणाला विचारता?

पहिल्याच आठवड्यात, अहमद नावाच्या मालकाच्या फार्मवर, तुझ्या तालुक्यातला महादू भेटला. तिथली चाळीस वासरं तोच सांभाळतो. तो म्हणाला, "आमच्या डॉक्टरबाईंना," आणि मोबाईल पुढे केला. त्यात तुझा आवाज, बाकीच्या कामगारांनाही कळावं म्हणून हिंदीत: "घबराव मत. पहले दाना बंद, खाली सूखा चारा." तुझं ते मराठी वळणाचं हिंदी मी दुसऱ्याच शब्दाला ओळखलं. महादूने तुझ्या व्हॉइस नोट्स शेजारच्या फार्मवाल्यांना पाठवल्या, त्यांनी पुढे. नंतरच्या सतरा फार्मवर पठाण काय, बंगाली काय, सगळ्यांच्या मोबाईलमध्ये तूच.

मला आनंद व्हायला हवा होता. माझा जळफळाट झाला. व्हेटर्नरी कॉलेजात पहिली मी यायचे. तू सर्जरीत नापास झालीस तेव्हा महिनाभर तुला मीच शिकवलं. तरी प्रॅक्टिकलला गोठ्यातली माणसं मला 'मॅडम' म्हणायची आणि तुला 'ताई'. तेव्हापासूनचं हे आहे, शुभ्रा. तुला कधी कळलं नाही, कारण मी कळू दिलं नाही.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं, 'कामगार फोनवरच्या अनधिकृत सल्ल्यावर अवलंबून आहेत.' तुझी पदवी, तुझी पंधरा वर्षांची सरकारी नोकरी, सगळं माहीत असून. शिफारस केली की हा सल्ला थांबवावा आणि ट्रेनिंग मी घ्यावं. ऑफिसने सगळ्या फार्मना तसं सर्क्युलर काढलं. माझ्या ट्रेनिंगला बारा जण आले. स्लाइड्सकडे बघत बसले. एकानेही काही विचारलं नाही.

मे महिन्यात महादूची दोन वासरं जास्त दाणा खाऊन फुगली. त्याने सर्क्युलर पाळलं. तुला काही कळवलं नाही, क्लिनिकच्या डॉक्टरची वाट बघत बसला. डॉक्टर अडीच तासांनी पोचले, तोवर खलास. मी गेले तेव्हा तो म्हणाला, "बाईंना विचारायचं होतं, मॅडम. पण कागदावर मनाई होती ना." तो कागद कुणामुळे निघाला हे त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं. तो पाण्याची टाकी धुवायला निघून गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर मी रिपोर्ट परत मागवला. अकराव्या प्रश्नाखाली तुझं नाव लिहिलं, आणि माझं आधीचं वाक्य खोटं होतं हेही. मॅनेजर चिडले, पण सर्क्युलर मागे घेतलं. आता ट्रेनिंगसाठी त्यांना तूच हवी आहेस. पुढच्या आठवड्यात तुला ऑफिसचं आमंत्रण येईल, खाली माझी सही असेल. ती बघून तुला वाटलं असतं, विभाने किती आठवण ठेवली. तसं वाटू नये म्हणून हे पत्र आधी पाठवतेय. हेवा संपलाय असं लिहिणार नाही. तू शेडमध्ये उभी राहशील, ते सगळे तुझ्याभोवती जमतील, आणि मला ते बघवणार नाही. तरी ये. यावंसं वाटलं नाही तर मला उत्तरही देऊ नकोस, पण महादूशी तेवढं बोल. तो अजून तुला विचारायला घाबरतो.

तुझीच, जशी आहे तशी,
विभावरी