मरोद्याचे चार अंश

मरोदा, भिलाई
४ मे

चि. सिद्धांतले नलूआत्याचे अ. आ.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद. तुमच्या हवामान योजनेचे लोक टिनाच्या छपरांवर थंडाव्याचा पांढरा रंग मारून गेले. दोन हात ठरले होते, मारला एक, तोही पाण्यासारखा. रस्त्याकडची घरं तेवढी चकचकीत, कावून की फोटो तिथूनच काढले. शेजारचा धोंडबा तीस वर्षं प्लांटात भट्टीसमोर होता. तो म्हणे, तिथं निदान शिफ्ट तरी संपत होती.

तू दिलेल्या तापमापीवर त्याच्या खोलीतली गरमी मी रोज लिवली. रंगाआधी त्रेचाळीस, नंतरही त्रेचाळीस. पानं सोबत आहेत. दुसरा हात मारायले माणूस पाठव. म्हातारा खाटेले लागला आहे.

दिल्लीच्या एसीत सर्दी होऊ देऊ नको.
तुझी नलूआत्या


दिल्ली
१३ मे

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

पाने मिळाली. आपल्यासारख्या देशांच्या कामाकडे जग संशयानेच पाहते. पुढच्या महिन्यात परदेशातल्या परिषदेत मला मरोदा दाखवायचा आहे. चार अंश उतरले असे दिसले, तर आणखी दहा शहरांना मदत मिळेल. एका खोलीसाठी ते अडवायचे का? तापमापी भिंतीला टेकली असेल. पाने पुन्हा लिहून पाठव, एकोणचाळीस धर. दुसरा हात पुढच्या वर्षी नक्की आहे. आईनंतर तूच मला वाढवलेस, तू समजून घेशील.

माया असू दे.
तुझा सिद्धांत


मरोदा
१७ जून

चि. सिद्धांतले, वयाने लहान आहेस म्हणून आशीर्वाद.

धोंडबा मेच्या २८ तारखेले गेला. मी भाकर घेऊन गेली तर उठला नाही. दवाखान्यात म्हणाले, लू लागली, उष्माघात. चार अंश त्याले सांगायचे राहून गेले.

पानं मी बदलली नाहीत. धोंडबाची मुलगी समीक्षा वळणावरच्या घरात राहते, नेहरू नगरच्या कोचिंगमध्ये शिकवते. तिनं इंग्रजी करून दिलं आणि मदत देणाऱ्या परदेशी संस्थेले पाठवलं. पत्ता तुमच्याच योजनेच्या पाटीवर होता. तुझं पत्रही जोडलं. त्यानं तुझी नोकरी जाईल, असं समीक्षा दोनदा म्हणाली. तुले मी वाढवलं, म्हणून पाकीट मीच चिकटवलं.

काल त्या संस्थेची दोन माणसं आली. शिडीवर चढून नखानं रंग खरवडला, तर टिन निघाला. तुमच्या साहेबाले जागेवरच फोन लावला. आज सकाळपासून दुसरा हात मारून राहिले. धोंडबाच्या छपरावरही मारला. खाली आता कोणी राहत नाही.

परिषदेत मरोदा दाखवणार नाहीत, असं समजलं. तुले काढलं तर घरी ये, जेवायले मिळेल. फक्त समीक्षाच्या दारावरून येऊ नको, मागच्या गल्लीनं ये.

नलूआत्या